कुतुबुद्दीनचं बोट

कोल्हापूर,
ता. ९ नोव्हेंबर १९१२

रा. रा. कुतुबुद्दीनभाई मुजावर,
सामानाची कोठी, धरणाचे काम, मु. राधानगरी, यांसी
वसंत त्रिंबक गुळवणी, चिटणीस, करवीर यंग मेन क्रिकेट क्लब, यांचा सलाम.

आपण तिकडे चुना आणि सुरकीच्या पोत्यांत सुखी असाल असा आमचा समज होता. पण साप्ताहिकातला आपला लेख पाहिला आणि समज गेला. क्लबाच्या कमिटीने तो लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा घाईत रागावण्यासाठी आणि दुसऱ्यांदा सवडीने रागावण्यासाठी.

आपण लिहिता, 'आमचे कप्तान हंबीरराव सरनाईक स्लिपात उभे राहिले की चेंडूलाच भीड पडते आणि तो अदबीने बाजूने निघून जातो.' हे वाक्य गावात इतके पसरले आहे, की काल माझ्या वर्गात एका पोराच्या हातून पाटी पडली, तर बाकीची पोरे 'भीड पडली, भीड पडली' म्हणून ओरडली. मी सगळ्या वर्गाला छड्या दिल्या. हसू मलाही आले होते, म्हणून दोन जास्तच दिल्या.

हंबीररावांनी सांगलीच्या सामन्यात झेल सोडले हे कबूल. पण ते किती रुबाबात सोडले! त्या रुबाबासाठी तर लोक येतात. पंचेचाळिशीचा माणूस मैदानात उतरतो, मिशीला पीळ देतो आणि अख्खी पेठ टाळ्या पिटते. आपल्या वेळी टाळ्या पडत, पण त्या विकेट पडल्यावर. यांना त्याआधीच पडतात. हा फरक आपल्याला बोचत असावा, असे कमिटीतल्या काहींचे मत पडले. मी ते फक्त कळवतो.

तर कमिटीचा ठराव असा : खेळातून निवृत्त झालेल्याने जिभेसकट निवृत्त व्हावे. त्याबदल्यात आपल्याला आजन्म सन्माननीय सभासद करून तंबूत पहिल्या रांगेत खुर्ची देण्यात येईल. खुर्चीला हात आहेत. आपण फक्त लेखणी खाली ठेवायची.

उलट टपाली होकार यावा.

आपला,
व. त्रिं. गुळवणी

०

राधानगरी,
ता. १६ नोव्हेंबर

गुळवणी मास्तर,

तुमचं पत्र पोचलं. बिबीजानला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खुर्ची देत्यात तर घ्या की, घरात एकच हाय, तिचाबी पाय मोडलाय." तिला म्हटलं, ही खुर्ची घरी आणायची न्हाय, तिथंच बसून गप ऱ्हायचं हाय. तवा म्हणाली, "मग न्हाय जमायचं तुमास्नी." बायकूला जे कळतं ते कमिटीला कळायला ठराव लागतोय.

मास्तर, मला टीममधनं काढलं ते मला कुणी सांगितलं, ठावं हाय? न्हाव्यानं. अर्धी दाढी झालती. त्यो म्हणाला, "कुतुबभाई, आता तुमास्नी सकाळची घाई न्हाय म्हणा की." मी म्हटलं, का रं? तर म्हणाला, "न्हाय, तुमच्या जागी दुसरा घेतलाय न्हवं?" साऱ्या कोल्हापुरात मलाच तेवढं म्हाईत नव्हतं. मग तुमी सत्कार केलात. शाल दिलीत, तीबी लोकरीची, वैशाखात. शालीखाली घाम गळत हुता आणि तुमी भाषणात म्हणत हुता, 'कुतुबुद्दीन यांच्या डोळ्यांत अश्रू तरळत आहेत.'

चौदा वर्सं मी ह्या क्लबाची बोलिंग टाकली आणि मला एका माणसानं तोंडावर सांगितलं न्हाय, की बाबा, तुझा खांदा गेला, आता बास. आणि ज्याचं सरलंय त्याला तुमी कप्तान केलंय! यंग मेन क्लबाचा कप्तान आजोबा. नावातलं 'यंग' तरी खोडा, न्हायतर मेन तरी बदला.

मी हंबीररावाचा दुस्मान न्हाय. पुण्याची टीम आलती त्या वर्सी त्यानं त्यास्नी सकाळपासनं दिवस कलेपतोर उन्हात पळवलं. दुसऱ्या टोकाला बॅट धरून मी उभा हुतो. तसली बॅटिंग मी परत बघितली न्हाय, आणि म्हणूनच आताची बघवत न्हाय. त्याचा मान राखायचा तर तुमच्यातल्या एकानं त्याच्या घरी जावं, चहा प्यावा आणि समोर बसून सांगावं. त्यो शिव्या दील. खावा. शिव्यांनी कुणी मरत न्हाय.

तंवर खुर्ची तुमच्यापाशीच ठेवा.

कुतुबुद्दीन

०

कोल्हापूर,
ता. २८ नोव्हेंबर

कुतुबुद्दीनभाई,

आपली सूचना कमिटीपुढे ठेवली. 'एकाने घरी जाऊन समोर सांगावे' हे सर्वांना एकमताने पसंत पडले. मग तो एक कोण, यावर सभा दिवे लागेपर्यंत चालली. वकीलसाहेब म्हणाले, हंबीरराव त्यांचे अशील आहेत. डॉक्टर म्हणाले, वाईट बातमी देणे हा त्यांचा धंदा आहे, तो फुकट का करावा. उपाध्यक्षांच्या घरी मुलीचे लग्न निघाले. त्यांची मुलगी पाच वर्षांची आहे. शेवटी सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला त्या क्षणी जोराचा खोकला आला. आपण हसाल. हसा.

आता खरी अडचण ऐका. क्लबाचे अध्यक्ष सरदार बाळासो सरकार यांच्या पागेवर हंबीरराव दरोगा आहेत, हे आपण जाणता. पागेमागचे घरही त्या नोकरीचेच. आणि ही नोकरी त्यांना घोड्यांच्या ज्ञानाबद्दल मिळालेली नाही, बॅटीबद्दल मिळाली आहे. बाळासो सरकारांनी परवा स्वतःच सांगितले, "घोडा काय नि कप्तान काय, पळतंय तंवर दाणा." म्हणजे क्लबातून काढले की घरातूनही काढले.

तेव्हा कमिटीने ठरवले, की त्यांना काढायचे नाही, त्यांनीच जायचे. त्यासाठी सरावाची वेळ पहाटेची केली. हंबीरराव सर्वांच्या आधी हजर आणि उशिरा येणाऱ्यांना दंड ठोकू लागले. त्यांना बॅटिंगला आठव्या नंबरावर घातले. म्हणाले, "शाबास! शेवट सांभाळायला जुना माणूसच लागतो." तालमीतला जोतीराम म्हणून बावीस वर्षांचा गडी आहे, सध्या त्याच्याइतकी चांगली बॅट कोल्हापुरात नाही. त्याला मुद्दाम त्यांच्यासमोर तासभर खेळवला. तर त्याला मिठी मारून म्हणाले, "अजून दहा वर्सं थांब, माझ्या जागी तूच." इशारा पोचत नाही, भाई. भिंतीला पोचतो, त्यांना पोचत नाही.

म्हणून एक विनंती. मागील पत्रातला ठराव क्षणभर बाजूला ठेवावा. आपण साप्ताहिकात अजून एक लेख लिहावा, जरा मिरची जास्त घालून. इतकी, की हंबीररावांनी तिरीमिरीत राजीनामा द्यावा. अपमानाने गेलेल्या माणसाला बाळासो सरकार उघड्यावर टाकणार नाहीत, अशी आम्हाला आशा आहे. आपल्याला लिहायची हौस आहेच.

येत्या नाताळात बेळगावच्या गोऱ्या पलटणीची टीम येते आहे. त्याआधी झाले तर बरे.

आपला,
व. त्रिं. गुळवणी

०

राधानगरी,
ता. ९ डिसेंबर

मास्तर,

मागच्या महिन्यात माझी जीभ लांब हुती, ह्या महिन्यात आखूड पडाय लागली. तुमच्या कमिटीनं एकदा बसून माझ्या जिभेचं माप ठरवून टाकावं.

मी लिहिनार न्हाय. मला जे वाटतं ते फुकट लिहितो. दुसऱ्याच्या सांगण्यावरनं शिव्या घालायला मी काय शिमग्याचा सोंगाड्या न्हाय.

दुसरी गोष्ट. कोठीसाठी दोरखंड घ्यायला मी गेल्या आठवड्यात कोल्हापूरला आलतो. तुमच्याकडं आलो न्हाय, म्हटलं परत खोकला व्हायचा. हंबीररावाच्या घरी गेलो. चहा प्यालो. तुमच्या सबंध कमिटीला जे जमलं न्हाय ते दोरखंडाच्या गाडीवरनं उतरून केलं, येवढंच.

त्यो सोप्यात बसला हुता. मी उंबऱ्यात पाय ठेवला तसा उठून म्हणाला, "या सरकार, या. आज इकडं कसं?" मला वाटलं, लेखाबद्दल टोमणा मारतोय. मी म्हटलं, सरकार कसला, मी कुतुब. तवा खाली बसला. मग धोंडुवहिनी चहा घेऊन आल्या. आमी बोललो. काय बोललो ते लिहिनार न्हाय. त्यानं शपथ घातलीय.

येवढंच सांगतो, मास्तर, आणि हे टोमणं न्हवं. बेळगावच्या पलटणीसमोर त्याला खेळवू नका. सांगलीसमोर खेळवा, मिरजंसमोर खेळवा, पोरांच्यात खेळवा. पलटणीसमोर नको. बाळासो सरकारांच्या पाया पडा, नोकरी राखा, आजारी म्हणून सांगा, पाय मुरगळला म्हणा. काय बी करा.

कुतुबुद्दीन

०

कोल्हापूर,
ता. १५ डिसेंबर

कुतुबुद्दीनभाई,

आपले पत्र वाचून मी चाट पडलो. 'लिहिनार न्हाय' हे दोन शब्द आपण लिहू शकता, हे ठाऊक नव्हते.

पण उशीर झाला. बाळासो सरकारांनी पाहुण्यांना आमंत्रणे धाडली आहेत, तंबू ठोकायला माणसे लागली आहेत, आणि हंबीरराव आठव्या नव्हे तर तिसऱ्या नंबरावर खेळतील असा हुकूम झाला आहे. आजारी म्हणून पाहिले. हंबीररावांनी भर सभेत बैठका मारून दाखवल्या. सभासदांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

आपल्याबद्दलही कमिटीने विचार केला आहे. आमच्या बाजूचे पंच म्हणून आपण उभे राहावे. मैदानातल्या पंचाने सामन्याविषयी छापून आणू नये, असा नियम आहे. नियम काल संध्याकाळी केला. तरी नियम तो नियम.

आपण नकार द्याल, हे गृहीत धरून दुसरा माणूस पाहून ठेवला आहे.

व. त्रिं. गुळवणी

०

राधानगरी,
ता. १९ डिसेंबर

मास्तर,

येतो. पांढरा अंगरखा माझा मला हाय. टोपी क्लबाची लागली तर घालीन.

कुतुबुद्दीन

०

कोल्हापूर,
ता. ३० डिसेंबर

कुतुबुद्दीन मुजावर यांसी,

आपण सामना संपायच्या आत मैदान सोडलेत. दगड चुकवत गेलात म्हणून दोष देत नाही. पण मागे काय झाले ते आपल्याला कळवणे चिटणीस म्हणून माझे काम आहे.

आधी जे आपण पाहिले तेच लिहितो, कारण गावात त्याच्या दहा कहाण्या झाल्या आहेत आणि मला माझी एक जपून ठेवायची आहे. हंबीरराव उतरले तेव्हा हलगी वाजत होती. त्या तांबड्या सार्जंटाचा पहिला चेंडू त्यांनी सरळ बॅटीने थोपवला. दुसरा चेंडू टप्पा न पडता त्यांच्या कानाला वारा घालत गेला, पण ते तसूभर हलले नाहीत. तंबूत बाळासो सरकार म्हणाले, "बघा काळीज! पापणी लवली न्हाय!" तिसरा चेंडू बॅटीला लागून पॅडवर गेला. बॅटीचा आवाज मी ऐकला. माझ्या शेजारी बसलेल्या बहिऱ्या मामलेदारांनीही ऐकला. सार्जंटाने सवयीने हात वर करून ओरडा केला, त्याचे त्यालाही खरे वाटत नव्हते.

आणि आपण बोट वर केलेत.

पुढे जे झाले त्यातले अर्धे आपल्या पाठीवर झाले. आपण गेल्यावर लोकांनी हंबीररावांना खांद्यावर घेतले. भवानी मंडपापर्यंत मिरवणूक गेली. 'बेइमान पंचाने वाघ मारला' अशी आरोळी चालू होती. बाळासो सरकारांच्या डोळ्यांत पाणी आले, या वेळी लोकरीची शाल नसताना. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले, की ज्या माणसाचा भर मैदानात गळा कापला तो पागेवर तहहयात दरोगा राहील, आणि घर त्याच्या माघारी त्याच्या बायकोकडे चालेल. हंबीरराव म्हणाले, "जिथं न्याय न्हाय त्या मैदानात मी पाय ठेवनार न्हाय." झाले. कमिटीला महिनाभर जे साधले नाही ते आपल्या एका बोटाने झाले. जोतीराम कप्तान झाला. आम्ही सामना हरलो, पण ते कुणाच्या लक्षात नाही.

कमिटीने आपल्याला मैदानावर कायमची बंदी घातली आहे. साप्ताहिकानेही आपले लेख यापुढे न घेण्याचे ठरवले. कमिटी इतकी खुशीत आहे, की वकीलसाहेब म्हणाले, मुजावरला गुपचूप पेढे पाठवा.

मी पेढे पाठवत नाही. आपण तोंडाळ आहात, हेकट आहात, हे मला ठाऊक होते. पण आपण खोटे नाही, असे मी भर कमिटीत एकदा म्हणालो होतो. खोकला आला नव्हता त्या वेळी. न्हाव्याच्या दुकानातला तो अपमान आपण इतकी वर्षे सांभाळलात आणि त्याचा सूड आपल्या जुन्या दोस्तावर उगवलात. शाबास. यापुढे आपल्या-माझ्यात पत्रव्यवहाराचे कारण उरले नाही.

व. त्रिं. गुळवणी

०

राधानगरी,
ता. १४ जानेवारी १९१३

मास्तर,

कारण उरलं न्हाय म्हणालात, तरी लिहितोय. मी लिहिनार नव्हतो. हंबीरराव इथं आलाय, धोंडुवहिनीला घेऊन, आज संक्रांत म्हणून. त्यो माझ्या शेजारी बसलाय आणि लिही लिही म्हणून डोकं खातोय. त्यानं शपथ मोडलीय, म्हणून तुमास्नी सांगतो.

त्याच्या डाव्या डोळ्यावर पडदा आलाय. साल झालं. उजव्याला सावली तेवढी कळती. त्या दिवशी उंबऱ्यात मला सरकार म्हणाला ते त्यापायी. तवा मी इचारलं, "मग खेळतोस कसा रं?" तर म्हणाला, "टप्पा पडला की आवाज हुतोय. त्या आवाजावर बॅट लावतो. चारातनं एकदा बरुबर बसती." मी म्हटलं, आणि टप्पा न पडता आला तर? म्हणाला, "तर अंबाबाई हाय." धोंडुवहिनी तिकडं तोंड करून उभ्या हुत्या. त्यास्नी समदं ठावं हुतं. घर गेलं तर जायचं कुठं, म्हणून त्याबी गप.

तुमी म्हणाला, कानाजवळनं चेंडू गेला तरी हलला न्हाय. मास्तर, त्यो चेंडू त्याला दिसलाच न्हाय. तुमच्या तंबूत टाळ्या पडल्या आणि हितं त्या सार्जंटाला कळलं. मी बोलरच्या टोकाला उभा हुतो. त्यो परत येताना त्यांच्या कप्तानाला म्हणाला, ह्यो म्हातारा आंधळा हाय, ऐकून खेळतोय. कप्तान हसला. म्हणाला, आणखी एक टप्प्याचा टाकून बघ, आणि मग एक सरळ तोंडावर घाल. इंग्रजी मला लई येत न्हाय, पर मैदानातलं येतं. चौदा वर्सं तीच शिकलो.

मी ओरडून सांगितलं असतं तर साऱ्या मैदानाला कळलं असतं. नोकरी तिथंच गेली असती. गप ऱ्हायलो असतो, तर काय झालं असतं ते तुमी समजून घ्या. तिसरा चेंडू पडला, सार्जंट ओरडला, आणि माझ्या हातात येवढं एकच बोट हुतं.

आता माझं मागणं. बंदी उठवू नका. कमिटीला ह्यातलं काय सांगू नका. बंदी उठली तर लोक इचारतील का उठली, आणि मग बाळासो सरकार पागेतला घोडा तपासतील. वकीलसाहेबांचं पेढंबी नकोत. साप्ताहिकात मी लिहीत न्हाय म्हणून बिबीजान खूश हाय. दिवाबत्तीचं तेल वाचतंय म्हणती.

तुमी कमिटीत माझ्याबद्दल जे म्हणाला हुता ते ह्या पत्रात पहिल्यांदा कळलं. आता ते परत घेतलंत तरी माझं काय म्हणणं न्हाय. मी खोटं बोट वर केलं, ते खोटंच हाय.

दुपारी आमी जेवायला बसलो हुतो. हंबीररावानं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला. मग म्हणाला, "कुतुब, चेंडू बॅटला लागला हुता."

मी म्हटलं, "व्हय."

"तुला ऐकू आलं हुतं?"

"व्हय."

"मग का रं दिलास?"

मी म्हटलं, "त्याच्या पुढचा तुला ऐकू आला नसता."

कुतुबुद्दीन